माणूस गेल्यावर, आजारातून उठल्यावर: आयुष्याची घडी पुन्हा कशी बसवायची

बावीस वर्षं मी सांगलीतल्या एका सहकारी बँकेत काउंटरवर बसले. खातेदार वारला की घरच्यांना द्यायचा अर्ज माझ्याच टेबलाच्या खणात असायचा. कितीतरी जणांना मी तो दिला, सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारून दिली. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तोच अर्ज स्वतःसाठी काढला. 'दावेदाराचे मयताशी नाते' या रकान्यापाशी पेन थांबलं ते पुढे सरकेना. शेजारच्या काउंटरवरच्या बाई उठून आल्या, कागद माझ्या हातातून घेतला आणि 'पत्नी' हा शब्द त्यांनी लिहिला.

त्यानंतर दीड वर्षाने डाव्या स्तनात गाठ सापडली. ऑपरेशन, एकवीस-एकवीस दिवसांनी आठ केमो, मग रेडिएशन, मग रोजची एक गोळी. ते सगळं वर्ष सांगली-मिरज रस्त्यावर गेलं.

अशी वेळ ज्यांच्यावर आली आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. एकच घाव बसला असेल तरीही. 'आता जगायचं कशासाठी?' हा प्रश्न मी दोन वर्षं उशाशी घेऊन झोपले. उत्तर विचार करून सापडलं नाही. आधी शरीर थोडं सावरलं, कागदपत्रं मार्गी लागली, झोप परत आली. मग एका बाईसाठी एक लहानसं काम केलं. जगण्याचं कारण त्या कामाच्या मागून चालत आलं, तेही बऱ्याच उशिरा. म्हणून खालच्या पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत. 'मला माझं ध्येय हवंय' म्हणून एकदम शेवटच्या पायरीवर उडी मारू नका. मी मारली होती. तिसऱ्या केमोनंतर एका संस्थेत नाव नोंदवलं आणि पहिल्याच दिवशी चक्कर येऊन घरी परतले.

सगळ्याच्या आधी

जगणंच नको वाटत असेल, स्वतःला काही करून घ्यावं असे विचार येत असतील, किंवा दारू किंवा झोपेच्या गोळ्यांशिवाय रात्र निघत नसेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच कुणाला तरी सांगा. घरात सांगणं जड जात असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. फोन मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. नाव सांगायला संकोच वाटला तरी फोन लावा.

पहिली पायरी: मोठे निर्णय पुढे ढकला, कागद ढकलू नका

तेराव्याच्या पंगती उठत नाहीत तोच सल्ले सुरू होतात. 'एवढं मोठं घर एकटीला कशाला?' 'पोराकडे पुण्याला जाऊन राहा.' 'शेतीचा तुकडा विकून टाका, कोण बघणार?' बोलणाऱ्यांच्या मनात माया असते, पण त्या दिवसांत आपलं डोकं ठिकाणावर नसतं. मी स्वतःला एक वर्षाची मुदत दिली होती. घर विकणं, गाव बदलणं, नोकरी सोडणं, कुणाला मोठी रक्कम देणं, कुणासाठी जामीन राहणं, यातलं काहीही वर्षश्राद्धाआधी करायचं नाही. कुणी आग्रह धरला की म्हणायचं, 'वर्ष होऊ दे, मग बसून बोलू.' घरच्या मोठ्यांनाही या वाक्यावर वाद घालता येत नाही, कारण वर्ष पाळणं त्यांना मान्यच असतं. आजारातून उठलेल्यांनीही उपचार संपल्यावर निदान सहा महिने अशीच मुदत घ्यावी.

कागदांचं मात्र उलट आहे. ते थांबले की वाढतात, आणि रात्री तीन वाजता आठवतात. एक जाड फाईल आणा आणि सगळं त्यातच ठेवा.

मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत व्हायला हवी. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढून ठेवा. जिथे जाल तिथे एक लागते.

मग गेलेल्या माणसाचं पासबुक छापून आणा आणि निदान दोन वर्षांच्या नोंदी बोट ठेवून वाचा. हे काम मी आवर्जून सांगते. मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये कापले गेलेले दिसले, तर ती बहुधा प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना असते. वयाच्या पंचावन्नपर्यंत तिचं संरक्षण चालतं आणि कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी वारसाला दोन लाख रुपये मिळतात. २० रुपयांची कपात दिसली तर ती सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यूसाठी. दिवसभर राबून घर चालवणाऱ्या माणसाने कधीतरी बँकेत सही केलेली असते आणि घरात कुणाला ते माहीतच नसतं. गेलेला माणूस नोकरीत असताना वारला असेल आणि त्याचा भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल, तर त्या निधीला जोडलेला विमाही असतो, जास्तीत जास्त सात लाखांपर्यंत. कुटुंबाचं निवृत्तिवेतन वेगळं मागावं लागतं. आणि एक गैरसमज काढून टाका. बँक खात्याचा नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नॉमिनीच्या हाती पैसे येतात ते वारसांच्या वतीने. हे आधीच नीट बोलून घेतलं तर भावा-बहिणींमधली पुढची कटुता टळते.

हे सगळं एकट्याने करू नका. कागद वाचताना अक्षरं डोळ्यांपुढे नुसती तरंगतात. भाचा, शेजारीण, जुना सहकारी, कुणीही सोबत बसवा. दिवसाला एकच कागद पुरे.

दुसरी पायरी: शरीराचा हिशेब

उपचार संपले की घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि आपण अंथरुणाला खिळतो. हे फार जणांच्या बाबतीत होतं आणि कुणी आधी सांगत नाही. केमो चालू असताना दर एकवीस दिवसांचं एक वेळापत्रक असतं, नर्स असते, डॉक्टर असतात. ते संपलं की घरात अचानक शांतता पसरते. दोन वर्षांपूर्वीचं दुःख माझ्याकडे त्या शांततेतच परत आलं. आजाराच्या धावपळीत यांच्यासाठी नीट रडायचंही राहून गेलं होतं.

या काळातला थकवा नेहमीच्या थकव्यासारखा नसतो. आठ तास झोपून उठलं तरी जात नाही. पडून राहिल्याने तो वाढतो आणि थोड्या हालचालीने कमी होतो, हे पटायला मला तीन महिने लागले. २०१९ मध्ये व्यायाम आणि कॅन्सर या विषयावरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ मंडळाने सुचवलेलं प्रमाण साधं आहे: आठवड्यातून तीन दिवस अर्धा-अर्धा तास चालणं आणि दोन दिवस हलके ताकदीचे व्यायाम, निदान बारा आठवडे. त्यांच्या म्हणण्यानुसार याने थकवाही उतरतो आणि चिंता, उदासीही कमी होते. पण सुरुवात अर्ध्या तासाने करू नका. मी दाराबाहेरच्या नळापर्यंत जाऊन परत आले, तो पहिला दिवस. मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग देवळापर्यंत. आयर्विन पुलावर पोचायला चार महिने लागले. कृष्णेला त्या दिवशी भरपूर पाणी होतं आणि मी कठड्याला टेकून बराच वेळ नुसती उभी राहिले. सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः हृदयाचा त्रास किंवा हाडांचं दुखणं असेल तर.

दिवसभराची शक्ती म्हणजे हातात मोजके पैसे आहेत असं समजा. सकाळी अंघोळ, स्वयंपाक, केर-फरशी सगळं एका दमात केलं तर दुपारपर्यंत खिसा रिकामा. आठवडाभर वहीत लिहा, कोणत्या वेळी अंगात जोर असतो. माझा जोर दहा ते बारा. महत्त्वाचं काम त्या वेळात आणि बाकीचं उरलं तर. पोळ्या बाहेरून आल्या तरी घर चालतं. मला हे मान्य करायला जड गेलं, तुम्ही तेवढा वेळ घेऊ नका.

स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात जपा. हात जड वाटणं, अंगठी किंवा बांगडी घट्ट होणं ही सुजेची सुरुवात असू शकते. वाट न बघता फिजिओथेरपिस्टना दाखवा, लवकर धरली तर सूज आटोक्यात राहते. त्या हाताला चटका किंवा काप बसून लाली पसरली, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पाण्याने भरलेली बादली एकदम त्या हाताने उचलू नका. हळूहळू ताकद वाढवत गेलं की हात पुन्हा कामाला लागतो.

हार्मोनच्या गोळ्या पाच ते दहा वर्षं चालतात. सांधे धरतात, अंगातून वाफा निघतात, चिडचिड होते. कंटाळून मनाने बंद करणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. तसं करू नका. त्रास सांगितला तर डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात. केमोनंतर विसरायला होतं, शब्द तोंडाशी येऊन अडतात, तेही डॉक्टरांना सांगा. मी त्या काळात गॅसजवळ पाटी टांगली होती: दूध, गॅस, किल्ली.

झोपेबद्दल एवढंच: उठायची वेळ रोज एक ठेवा, दुपारची झोप अर्ध्या तासापलीकडे नेऊ नका आणि रात्री अंथरुणात फोन नको.

तिसरी पायरी: दुःखाला जागा द्या, सगळं घर देऊ नका

नेदरलँड्समधले दोन अभ्यासक, मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट, यांनी १९९९ मध्ये एक गोष्ट मांडली आणि ती वाचून मला फार हलकं वाटलं. दुःखातला माणूस दोन टोकांमध्ये येत-जात असतो. कधी आठवणीत बुडतो, कधी बिल भरणं, भाजी आणणं, मुलाचा अभ्यास यांत गुंततो. ही ये-जा होत राहणं हीच निरोगी गोष्ट आहे. म्हणजे सकाळी रडून दुपारी मालिका बघताना हसू आलं तर त्यात गेलेल्या माणसाचा अपमान नाही. आणि चार महिने बरं वाटून पुन्हा एक दिवस कोसळलात तर सगळं मुसळ केरात गेलं असंही नाही.

आपल्या चालीरीतींमध्ये ही ये-जा बसवलेली आहे, असं मला आता वाटतं. दहा दिवस सुतक, तेरावं, मग मासिक, मग वर्षश्राद्ध, आणि पुढे दर पितृपक्षात एक तिथी. म्हणजे दुःखाला कॅलेंडरवर जागा दिली आहे. श्रद्धा असो नसो, त्या तारखा वापरता येतात. आमच्याकडे आता श्राद्धाचे विधी होत नाहीत. त्या तिथीला मी यांच्या आवडीची वांग्याची भाजी आणि बाजरीची भाकरी करते, मुलगा पुण्याहून येतो, आम्ही यांच्याबद्दल मोठ्याने बोलतो. वर्षभर मनात साठलेलं त्या दिवशी निघतं.

पहिल्या दिवाळीत नातेवाईक फराळाचे डबे आणून देतात, कारण आपल्या घरी तळण होत नाही. तो डबा घ्या. आलेल्याला चहा करत बसू नका, त्यालाच करायला सांगा. 'देवाची मर्जी', 'जे होतं ते चांगल्यासाठी' अशी वाक्यं कुणी बोललं तर उत्तर द्यायची गरज नाही. मी म्हणायचे, 'त्यांची एखादी आठवण सांगा ना.' बहुतेकांना तेच हवं असतं, पण सुरुवात कशी करावी ते कळत नाही. यांनी एका रिक्षावाल्याच्या मुलाची फी भरली होती, हे मला असंच कळलं.

काही रीती मात्र मोडायलाच हव्यात. माझ्या बांगड्या फोडल्या गेल्या तेव्हा मी गप्प उभी होते. आजही तो आवाज आला की मी खोलीतून उठून जाते. सांगलीहून हाकेच्या अंतरावर, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद केलं. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना तसं करायचं आवाहन केलं. तुमच्या घरात अशी वेळ आली तर त्या बाईच्या बाजूला उभं राहून 'हे करायचं नाही' असं म्हणणारं एक तरी माणूस असू द्या. ती स्वतः त्या क्षणी बोलू शकत नाही. आणि त्या बाई तुम्ही असाल, तर कुंकू लावायचं की नाही हे तुम्ही ठरवा. मी वर्षभराने लावलं. पहिल्या दिवशी बाजारात दोघीजणी थांबून बघत राहिल्या, तिसऱ्या दिवशी कुणीच बघितलं नाही.

कपड्यांची घाई करू नका. एक कप्पा उघडा, चालेल तेवढं बाजूला काढा, बंद करा.

दुःख किती दिवस चालणं ठीक? याला मोजमाप नाही, पण एक खूण आहे. सहा महिने उलटून गेले, तरी रोज तीच तीव्र ओढ, माणूस गेलाय हे मान्यच न होणं आणि त्यामुळे रोजचे व्यवहार ठप्प, असं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात त्याला आता स्वतंत्र नाव आहे आणि त्यावर खास उपचार आहेत. मनोविकारतज्ज्ञांकडे जाणं म्हणजे खचणं नव्हे. गाठ दाखवायला गेलो तसंच हे.

चौथी पायरी: चार दिवस, पंधरा मिनिटं

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगापासून ही रीत चालत आली आहे. सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, जे सर्वात खोल सलतं त्याबद्दल थांबता न लिहिणं. शुद्धलेखन बघायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, वाटलं तर फाडून टाकायचं. सगळ्यांना सारखाच फायदा होतो असं नाही. पहिल्या काही आठवड्यांत करू नका, आणि लिहून झाल्यावर दिवसभर जीव कासावीस राहत असेल तर थांबा.

मी तिसऱ्या दिवशी लिहिलं की मला यांचा राग आला होता. छातीत दुखतंय हे त्यांनी दोन दिवस लपवलं होतं. तोपर्यंत हे मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

पाचवी पायरी: एक माणूस, एक काम, एक ठरलेली वेळ

२०१९ च्या दिवाळीनंतर गल्लीतली एक बाई दारात आली. तिचा नवरा रिक्षा चालवायचा. काविळीने गेला, वय चाळीस. हातात कापडी पिशवी, पिशवीत सगळे कागद एकत्र कोंबलेले.

"ताई, तुमचंच बरं नाही ते ठाऊक आहे मला. पण एवढं बघता का? बँकेतलं मला काही उमगत नाही."

"बस आधी. पासबुक आहे का त्यात?"

पासबुकात ३३० रुपयांची कपात होती. तेव्हा जीवनज्योतीचा हप्ता तेवढाच होता. तिला मी ते दाखवलं, बँकेत सोबत गेले, दावा भरला. दोन महिन्यांनी दोन लाख तिच्या खात्यात आले. पण माझ्यासाठी खरी गोष्ट त्याआधीच घडली होती. अर्जातल्या त्या रकान्यापाशी तिचा हात थांबला. मी विचारलं, "मी लिहू?" तिने मान हलवली. मी 'पत्नी' लिहिलं.

त्या रात्री मला खूप दिवसांनी सलग झोप लागली. पुढच्या महिन्यात तिने आणखी एकीला पाठवलं. मग मी शुक्रवार ठरवला, दुपारी तीन ते पाच. आजही तोच आहे.

तुमचं काम वेगळं असेल. ते शोधताना मोठं काही शोधू नका. स्वतःला हे विचारा: माझ्या हातांना आधीपासून काय येतं? माझ्यावर वेळ आली तेव्हा मला कशाची मदत हवी होती आणि ती मिळाली नाही, किंवा मिळाली आणि मी विसरले नाही? चालत जाण्याच्या अंतरावर असं कोण आहे? थकलेल्या दिवशीही मी ते दोन तास करू शकेन का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं जिथे एकमेकांना भेटतात तिथे बहुधा काम असतं. शिंप्याचं काम येणाऱ्या एका बाईंनी ऑपरेशन झालेल्यांसाठी पुढून उघडणारे सुती ब्लाउज शिवायला घेतले. मुलगा गमावलेले एक काका शाळेच्या मैदानावर सकाळी पोरांना कबड्डी शिकवतात. पूर्वी आपल्या मुलाला शिकवायचे तीच वेळ.

काही नियम मी अनुभवाने घातले आहेत. वेळ ठरलेली आणि मर्यादित ठेवा. दार सगळा दिवस उघडं ठेवलं तर तीन महिन्यांत तुम्ही पुन्हा अंथरुणात जाल. समोरच्याने विचारल्याशिवाय स्वतःची कहाणी सांगू नका. त्याच्या दुःखाला त्या वेळी आपल्या दुःखाची सोबत नको असते, ऐकणारा हवा असतो. औषध, आहार, काढे यांचे सल्ले देऊ नका, तो डॉक्टरांचा प्रांत आहे. कॅन्सरच्या वॉर्डात रुग्णांना आधार द्यायला जायचं असेल तर आपले उपचार संपून निदान वर्ष होऊ द्या आणि प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेमार्फत जा. मुंबईत १९५१ मध्ये स्थापन झालेली इंडियन कॅन्सर सोसायटी आणि १९६९ पासून काम करणारी कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन अशा जुन्या संस्था या क्षेत्रात आहेत. आणि महिन्यातून एक आठवडा सुट्टी घ्या.

कामातून जीव लागायला वेळ लागतो. अशा वेळी मला रमाबाई रानडे आठवतात. न्यायमूर्ती रानडे जानेवारी १९०१ मध्ये गेले. रमाबाई त्यानंतर पुण्याला आल्या आणि साधारण वर्षभर घराबाहेरच्या जगापासून दूर राहिल्या. मग तुरुंगातल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या, दवाखान्यातल्या रुग्णांना फळं-फुलं नेऊन देऊ लागल्या. पुण्याच्या सेवासदनाची सुरुवात झाली ती १९०९ मध्ये. मधली आठ वर्षं आहेत. कितीतरी बायका पुढे तिथे शिकल्या, परिचारिका झाल्या, हे आपल्याला माहीत असतं. फळांची पिशवी घेऊन निघालेली ती एकटी बाई मात्र मला जास्त जवळची वाटते.

सहावी पायरी: बदल मोजायचा असेल तर

मोठ्या आघातानंतर काही माणसांमध्ये चांगले बदल होतात, यावर अमेरिकेतल्या रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅलहून यांनी १९९० च्या दशकात अभ्यास मांडला. नात्यांमधला ओलावा वाढणं, नव्या वाटा दिसणं, आपल्यात बळ आहे हे कळणं, जगण्याची किंमत वाटणं आणि श्रद्धेत किंवा जीवनदृष्टीत बदल, अशी पाच क्षेत्रं त्यांनी सांगितली. हे बदल दुःखाच्या सोबत राहतात. दुःख संपल्यावर बक्षीस म्हणून मिळत नाहीत.

दर सहा महिन्यांनी एक पान काढा आणि या पाचांपुढे जे खरं असेल तेच लिहा. कोरं राहिलं तर कोरं ठेवा. माझ्या श्रद्धेच्या ओळीपुढे आजही काही नाही, आणि नात्यांच्या ओळीपुढे पानभर आहे. जाऊबाईंशी माझं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. केमोत त्या रोज पेज घेऊन यायच्या.

आणि बदललंच पाहिजे असं कुणाचंही तुमच्यावर कर्ज नाही. 'आजाराने तुला केवढं शिकवलं!' असं कौतुक झालं की मला गुदमरायला व्हायचं. डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभारण्यात पुढाकार घेतला. नंतर त्यांना कॅन्सर झाला, आणि १९९७ मध्ये जाईपर्यंत त्या आपलं तेच काम करत राहिल्या. आजाराने त्यांना नवीन वाट दिली नाही, त्यांची वाट आधीच होती. तुमचं आधीचं आयुष्य तुम्हाला प्रिय असेल, भाजीचा गाडा, शाळा, नातवंडं, तर त्यातच परत जाणं हेही पुरेसं आहे.

सातवी पायरी: तपासणीच्या आधीचे आठ दिवस

हे कधी पूर्ण संपत नाही, म्हणून त्याचीही तयारी ठेवा. स्तनाच्या कॅन्सरनंतर साधारणपणे पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांना दाखवायचं असतं, पुढची दोन वर्षं सहा ते बारा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा, आणि मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, दरवर्षी. तारीख जवळ आली की पोटात गोळा येतो. साधी पाठ दुखली तरी मन नको तिथे जातं. माझा नियम असा: नवं दुखणं वहीत तारखेसह लिहायचं. दोन आठवड्यांत गेलं नाही तर डॉक्टरांना फोन. नवी गाठ, हाडात सतत दुखणं, दम लागणं, न थांबणारा खोकला किंवा कारण नसताना वजन उतरणं असेल तर तारखेची वाट बघायची नाही.

तपासणीला एकट्याने जाऊ नका. प्रश्न आधी कागदावर लिहून न्या. रिपोर्ट येईपर्यंतच्या दिवसांत हाताला काम ठेवा: लोणचं घालणं, पडदे धुणं, असं काहीही. आणि गेलेल्या माणसाची आठवण त्या दिवसांत फार येते, कारण पूर्वी असा कागद उघडताना तो शेजारी असायचा. ती येऊ द्या.

माझी मॅमोग्राफी दर फेब्रुवारीत असते. त्या आठवड्यातला शुक्रवार मी बंद ठेवते आणि दारावर तशी चिठ्ठी लावते. गेल्या वर्षी मिरजेहून परत आले तर चिठ्ठीच्या खाली डबा ठेवलेला होता, रिक्षावाल्याच्या बायकोचा. आत पिठलं आणि दोन भाकऱ्या, अजून ऊन.